रिकामा रकाना

उम्म सलाल मोहम्मद,
१४ ऑगस्ट २०२२

पूर्णिमा,

हे तू वाचशील की नाही, माहीत नाही. तुझा फोन लागतो, पण मला लागत नाही. आपल्या विद्यापीठातल्या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत तुझा हा ईमेल सापडला. मराठी टाइप करायला बसले की माझा अख्खा दिवस जातो, म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतेय. अक्षर तुझ्या ओळखीचं आहे. बावीस वर्षांत ते काही सुधारलेलं नाही.

सरळ मुद्द्यावर येते. काल दुपारी बेटावरच्या चर्चच्या फेसबुक पानावर एक व्हिडिओ पाहिला. तुझा थोरला दीर मासोए सभाघरात उभा आहे, हातात जाड कागद आहे, वर सोनेरी शिक्का. कतारहून आलेलं निमंत्रण तो सगळ्यांना वाचून दाखवतोय. पहिल्याच ओळीत त्याला बेटाच्या मुख्याची पदवी लावलेली आहे, आणि ती वाचताना त्याचा आवाज चढला. समोरचे पुरुष माना डोलावत होते. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मात्र एकेक करून उठल्या आणि बाहेर गेल्या. सर्वांत आधी तुझ्या सासूबाई. ओलितांची पाठ मी कुठेही ओळखेन.

तुझे सासरे गेल्या डिसेंबरात गेले, हे मला त्या व्हिडिओखालच्या मजकुरावरून कळलं. फार वाईट वाटलं. आणि लगेच लक्षात आलं, म्हणजे वर्ष अजून पुरं व्हायचंय. मुख्य गेला की वर्षभर त्याची चटई रिकामी अंथरलेली ठेवायची, पदवी कुणालाच लावायची नाही, त्या वर्षात म्हाताऱ्यांनी सगळ्यांना पारखायचं आणि शेवटच्या दिवशी नाव सांगायचं. हे मी तुला काय सांगणार? तू त्या घरची धाकटी सून. मी फक्त त्यावर पीएच.डी. केली.

निमंत्रण कसं गेलं ते सांगते. वर्ल्ड कपच्या आधी इथे उत्तरेला, अल रुवैस बंदरावर, समुद्रावर जगणाऱ्या लोकांचा एक छोटा उत्सव आहे. होड्या, गाणी, नाच. त्याचं काम घेतलेल्या कंपनीत मी मार्चपासून सल्लागार आहे. त्यांना पॅसिफिकमधलं एक पथक हवं होतं. त्यांनी माझा प्रबंध चाळला, त्यात मासोएचं नाव थोरला मुलगा म्हणून सापडलं आणि पत्र धाडून दिलं. कंपन्यांना यातलं काय कळणार.

तिकडे काय चाललंय? एका ओळीत कळव. तुझा तेवाके कसा आहे? आपल्या थोरल्या भावाशी त्याचं बोलणं बंद झालंय, असं त्या पानावर कुणीतरी लिहिलंय. खोटं असू दे.

जयमाला


३ सप्टेंबर २०२२

पूर्णिमा,

तुझं उत्तर नाही. मी दिवसातून वीस वेळा मेल उघडते. नुपूर, माझी मुलगी, सतरा वर्षांची आहे. ती म्हणाली, "आई, मेबी शी इज जस्ट नॉट इंटरेस्टेड." मी तिच्यावर उगाच खेकसले.

दीड दिवसांचा गणपती झाला. मोदक बिघडले, उकड चिकट झाली. लक्ष नव्हतं. आरती म्हणताना माझ्या डोक्यात सगळा वेळ त्या पत्राची पहिली ओळ चालली होती.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट नीट सांगितली नाही. कंपनीच्या मसुद्यात फक्त "प्रिय श्री. मासोए" होतं. साधं, सरळ, कुणाचंही नुकसान न करणारं. मसुदा तपासायला माझ्याकडे आला, आणि मी लाल शाईने "श्री." खोडून तिथे पदवी लिहिली. पूर्ण पदवी, सगळ्या आठ शब्दांची. हिंदी महासागराच्या या टोकाला ते आठ शब्द क्रमाने लिहू शकणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसावं असं मला वाटलं.

मला हसू नकोस. वीस वर्षं मी इथे सुरेशची बायको आहे. त्याच्या व्हिसावर राहते, त्याच्या गॅस प्लँटमधल्या मित्रांच्या बायकांबरोबर भिशी लावते, एका शाळेत अधूनमधून समाजशास्त्र शिकवते. मार्चमध्ये पहिल्यांदा माझ्या गळ्यात एक कार्ड आलं, त्यावर माझं नाव आणि नावाआधी "डॉ." पहिल्या दिवशी मी ते कार्ड घरी येऊन स्वयंपाक होईपर्यंत गळ्यातून काढलं नव्हतं. त्या कार्डाला जागण्यासाठी मी ते आठ शब्द लिहिले.

आता ते इथे लिहून दाखवत नाही. तेवढं तरी शिकले.

पत्र बदलून पाठवता येईल का, हे विचारायला साजिदाकडे गेले. ती हैदराबादची, आमच्या कंपनीत पाहुण्यांची सगळी व्यवस्था तिच्याकडे. गुणी मुलगी आहे, पण सध्या एका वेळी तीन फोन सांभाळते. तिचं म्हणणं, त्याच पदनामावर व्हिसा, पास, हॉटेल, मंचावरच्या खुर्च्या, सगळं छापून झालंय. बदल म्हणजे पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि नोव्हेंबरच्या तोंडावर नवे अर्ज कोणी घेत नाही. "मॅडम, अब खलास," ती म्हणाली, आणि तिचा दुसरा फोन वाजला.

आणि समजा बदललं, तरी पुढे काय? सगळ्यांसमोर वाचून दाखवलेलं पत्र मासोएने परत कसं वाचायचं? चोवीस वर्षांपूर्वी त्याच माणसाने मला खडकांपलीकडच्या पाण्यात पोहायला शिकवलं. मी बुडत होते तेव्हा तू किनाऱ्यावर हसत होतीस, आणि तो माझी वेणी धरून मला ओढत होता.

काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

ज.


२६ सप्टेंबर २०२२

पूर्णिमा,

तुझं पत्र आलं. तीनच ओळी, पण आलं. मी ते मोबाईलवर उम्म सलालच्या भाजीवाल्याकडे उभी राहून वाचलं. हातातली भेंडीची पिशवी तिथेच विसरले, आणि तो बिचारा मागून धावत आला.

तू लिहिलंस: "त्याला आता कोणीच नावाने हाक मारत नाही. ज्याने पदवी दिली त्यानेच ती उतरवायची, असं सासूबाई म्हणतात. तो तिथे येईल तेव्हा त्याच्या माणसांसमोर त्याला नावाने हाक मार."

ना मायना, ना खाली सही. तरी तुझं अक्षर आठवलं.

मला नीट समजलंय का, ते पुन्हा लिहून काढते. पदवी अंगावर आली की माणसाचं जन्मनाव संपतं. त्या नावाने त्याला कोणी बोलावत नाही, आणि बोलावलंच तर तो ओ देत नाही. म्हणजे मी सगळ्यांदेखत "मासोए" अशी हाक मारायची. त्याने ओ दिली तर तो अजून सर्वांसारखाच एक, पदवी त्याच्यावर कधी आलीच नव्हती, आणि चटई डिसेंबरपर्यंत रिकामी. ओ दिली नाही, तर सभाघरातल्या अर्ध्या लोकांनी आधीच मानलेला मुख्य तोच, आणि म्हाताऱ्यांना पुढे बोलायला जागा उरली नाही. बरोबर ना?

बरोबरच असणार. माझ्याच प्रबंधात आहे, पान एकशे चाळीस. मी ते लिहिलं होतं, मला ते करावं लागेल असं कुठे वाटलं होतं?

तू विचारलं नाहीस, पण सांगते, कारण खोटं पोटात राहत नाहीये. सासरे गेल्याचं मला ऑगस्टमध्ये कळलं नाही. मला मार्चमध्येच माहीत होतं. चर्चच्या त्याच पानावर फोटो होता, फुलांनी झाकलेला. मी तो पाहिला, तुला दोन ओळी लिहाव्यात असं वाटलं, आणि लिहिल्या नाहीत.

जुलैमध्ये साजिदाने पथकाचा फॉर्म भरायला दिला. पथकप्रमुखाचं नाव, त्यापुढे पदनाम. मी नाव भरलं आणि पदनामाचा रकाना मोकळा सोडला. खरंच सोडला होता. तिने तो परत पाठवला. "मॅडम, ये कॉलम खाली नहीं रह सकता. सिस्टम आगे ही नहीं जाता." मी तिला सांगायला हवं होतं की त्या बेटावर ती जागा वर्षभर रिकामीच ठेवतात, मुद्दाम, आणि त्यालाच ते राज्यकारभार म्हणतात. त्याऐवजी मी बोटांवर महिने मोजले, पाच कमी पडले, आणि मनात म्हटलं, थोरला मुलगा आहे, होणार तोच, पाच महिन्यांनी काय बिघडतंय. रकाना भरला. एकदा तो भरला म्हटल्यावर निमंत्रणात वेगळं कसं लिहायचं, म्हणून तिथेही आठ शब्द. लाल शाईची ऐट खरीच होती, पण ती नंतरची.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण आठवतं? तुझ्यामाझ्यात त्यावरून आठवडाभर वाद झाला होता. गोरे अधिकारी बोटीतून पत्र पाठवायचे, ज्याच्या नावाचं पाकीट तो मुख्य. पन्नास वर्षांत तीन माणसं नुसत्या पाकिटावरच्या पत्त्याने मुख्य झाली. त्या अधिकाऱ्यांना मी किती झोडपलं होतं. परीक्षकांनी त्या प्रकरणाची स्तुती केली होती.

आज घट बसले. तुझ्याकडे नारळ आहेत, मातीही आहे. तू बसवतेस का अजून?

ज.


अल दुहैल,
२५ ऑक्टोबर २०२२

पूर्णिमा,

नुपूरच्या शाळेच्या दारात गाडीत बसून लिहितेय. वर्ल्ड कपसाठी शाळा लवकर बंद होणार, त्यामुळे परीक्षा पुढे ओढल्यात. ती आत पेपर देतेय आणि बाहेर मला घाम फुटलाय. एसी चालू आहे.

काल लक्ष्मीपूजन झालं. जेवताना सुरेशला सगळं सांगितलं, पहिल्यांदा. तो इंजिनीअर माणूस. चूक कुठे झाली आणि कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढंच विचारतो. ऐकून म्हणाला, मग मार हाक, त्यात एवढं काय? मी म्हटलं, अरे, तो परक्या देशात माझ्या भरवशावर येतोय, मी त्याला बोलावलंय, आणि मीच त्याला त्याच्या माणसांसमोर खाली उतरवायचं. सुरेशने हातातली करंजी ताटात परत ठेवली. मग म्हणाला, "मग नको मारूस." माझी अडचण ही अशी आहे. दोन्ही उत्तरं बरोबर वाटतात, आणि रात्र सरत नाही.

तू मला दुसरं पत्र पाठवलेलं नाहीस. एकदा मला वाटतं, तू मला माफ करायची एक वाट दाखवली आहेस. एकदा वाटतं, तू मला फक्त वापरते आहेस, तेवाकेची बायको म्हणून. म्हाताऱ्यांनी धाकट्याचं नाव घेतलं तर तू त्या चटईशेजारी बसशील. हे लिहायला नको होतं. पण लिहिलं, खोडत नाही.

वापरण्याबद्दल मी कुणाला काय बोलू? तुझ्या निळ्या वहीचं सांगते. त्या काळात तू मला म्हणाली होतीस की म्हाताऱ्या तुझ्याशी होणारी सून म्हणून बोलतात, अभ्यासक म्हणून नाही, ते आपल्या कामात वापरायचं नाही. मी हो म्हटलं होतं. मग तू लग्नाच्या तयारीला त्यांच्याकडे राहायला गेलीस, आणि मी तीन दुपारी बसून ती वही उतरवून काढली. लोकांना मी पुढे सांगत आले की थोडासा संदर्भ घेतला. थोडासा नव्हता. मुख्याला पुरुष निवडत नाहीत, म्हाताऱ्या निवडतात, कशावरून निवडतात, कोणाला का नाकारलं, ते अख्खं पाचवं प्रकरण तुझं आहे. त्याच प्रकरणावर मला पदवी मिळाली. छापलेली प्रत मी तुला स्वतःच पाठवली, अर्पणपत्रिकेत तुझं नाव घालून. तू खूश होशील असं मला वाटलं होतं, पूर्णिमा. खरंच वाटलं होतं.

त्या छापील प्रकरणापायी म्हाताऱ्यांनी तुला किती वर्षं सभाघराबाहेर बसवलं, हे मला पुढे दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

नुपूर बाहेर आली. पेपर सोपा होता म्हणते.

ज.


७ नोव्हेंबर २०२२

पूर्णिमा,

तो आला. काल सकाळी विमानतळावर साजिदाबरोबर गेले होते. सगळीकडे झेंडे, देशोदेशीचे लोक, स्वयंसेवकांचे मोठे फोमचे हात. त्या गर्दीतून बारा माणसं एका ओळीत आली, त्यांत सर्वांत मागे मासोए. त्यांच्यात मोठा माणूस मागून चालतो, हे मी विसरले होते आणि पुढच्यालाच नमस्कार करत राहिले.

किती म्हातारा झालाय. गुडघा धरलाय, जिना एकेक पायरीने उतरतो. मला पाहिल्यावर त्याने हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझी वेणी शोधली. आता वेणी कुठली. केस कापलेत हे पाहून तो इतका हसला की बाकीचे अकरा जण आधी घाबरले आणि मग हसले. ते सगळे त्याला पदवीनेच बोलावतात. त्यांच्यात वल्हेकऱ्यांचा नाईक आहे, पांढऱ्या भुवयांचा, तुझ्या सासूबाईंचा सख्खा भाऊ. तो मात्र त्याला कुठल्याच नावाने बोलावत नाही. नुसता खोकतो, आणि मासोए वळतो.

गाडीत मासोए माझ्याशेजारी बसला होता. बेटावर काय काय झालं हे तो आपण होऊन सांगत होता. निमंत्रण आल्यापासून त्याची बायको चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते. नातवाने ते पत्र शाळेत नेऊन दाखवलं. तेवाके त्याच्याशी बोलत नाही, याचं त्याला वाईट वाटतं. मधेच म्हणाला, मला वाटलं होतं म्हाताऱ्या धाकट्याचं नाव घेतील, आणि मला ते चाललंही असतं. "मग तुझं पत्र आलं, जयमाला."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर नवीन लावलेली झाडं होती, प्रत्येकाला पाण्याची नळी.

तेव्हाच गाडीत हळूच सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की माझं चुकलं, ते पत्र खरं नाही. पण गाडीत त्याची तीन माणसं होती, आणि एकट्यात सांगून काही उतरत नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे मी गप्प राहिले ते नियमाने की भित्रेपणाने, ते मला अजून कळलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी अल रुवैसला कार्यक्रम. मला झोप नाही. तू काहीतरी लिही, शुक्रवारच्या आधी. नको मारूस असं लिहिलंस तर मी तुझी जन्मभर ऋणी राहीन.

ज.


११ नोव्हेंबर २०२२

पूर्णिमा,

झालं. मी हाक मारली आणि त्याने ओ दिली.

अल रुवैसच्या धक्क्यावर दुपारी साडेतीनला सगळे जमले होते. ऊन उतरलं होतं, वारा होता. इथल्या मच्छीमारांच्या लाकडी होड्या ओळीने बांधलेल्या. आमच्या कंपनीचे साहेब, नगरपालिकेचे दोन जण, इथले काही म्हातारे कोळी, सगळे खुर्च्यांवर. तुझी बाराची बारा माणसं होडीजवळ. साजिदाने मला खूण केली, मॅडम, यल्ला, चला, नाव पुकारा. माइक माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

त्याने मला शिकवलं होतं तशी हाक मारली, पाण्यावरून मारतात तशी, शेवटचा स्वर लांबवून. मासोऽए. आणि तिकडून त्याच लांबीची ओ आली. क्षणाचाही उशीर झाला नाही.

बाकीच्या अकरा जणांनी माना खाली घातल्या. ओलितांचा भाऊ जमिनीवर बसला, दोन्ही हात उताणे ठेवून, म्हणजे साक्ष झाली. इतरांना काही कळलं नाही, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि टाळ्या पडल्या. त्यानंतर त्यांनी गाणं म्हटलं, होडी पाण्यात लोटली, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मासोएने वल्हं धरलं नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

तुमची चटई डिसेंबरपर्यंत रिकामी आहे. ओलितांना सांग. त्यांच्या भावाने आत्तापर्यंत फोन केलाच असेल.

मी सुटले असं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही.

ज.


१४ नोव्हेंबर २०२२

पूर्णिमा,

तुझं पत्र मिळालं. या वेळी खाली सही आहे. "सासूबाई म्हणतात, जयमालाला घरी बोलवा, तिची जागा आमच्याकडे आहे. आता ये. मीही वाट पाहते." बावीस वर्षं मी याच ओळीची वाट पाहत होते. वाचून मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले. सुरेशने गॅस बंद केला आणि मला खुर्ची आणून दिली.

मी येतेय. त्याच विमानाने, मासोएच्या पथकाबरोबर, परवा. साजिदाने धावपळ करून जागा मिळवून दिली. गळ्यातलं कार्ड तिच्याकडेच ठेवून आले.

पण आधी शुक्रवारचं पुरतं सांगते. ते मी गाळलं होतं.

मी हाक मारली तेव्हा तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. तो इथल्या होडीच्या फळ्यांवरून हात फिरवत होता, सांधा कसा बसवलाय ते बघत. मी त्या क्षणाचीच वाट पाहत होते. आधी दहा मिनिटं तो माझ्यासमोर होता, माझ्याकडे बघून हसतही होता, आणि मी हाक मारली नाही. कारण समोरून हाक मारली तर तो विचार करेल, आणि विचार केला तर तो ओ देणार नाही, असं मला वाटलं. पाठ फिरली तसं मी बोलावलं. ओ देऊन झाल्यावर तो वळला, आणि आपण काय केलं हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

कार्यक्रम संपल्यावर तो धक्क्याच्या कठड्यावर बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. तो गुडघा चोळत होता. मग म्हणाला, "पत्र मी मागितलं नव्हतं."

मी म्हटलं, माहीत आहे.

"तुझा आवाज होता म्हणून ओ दिली. दुसऱ्या कोणाचा असता तर मी आधी वळून पाहिलं असतं." आणि मग, अगदी साधेपणाने, "घरी बायकोला काय सांगू, तेवढं मला सांग."

ते तिला मीच सांगायला हवं. म्हणून मी येतेय.

ओलिताबाईंना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग की मी तुमच्याकडे उतरणार नाही. सभाघरात तो दाराजवळच्या बाजूला बसेल, ज्यांची बाजू पडली त्यांची जागा ती. मी त्याच्यामागे बसणार आहे. ज्याने कुणाला बोलावून आणलं त्याने त्याच्यामागे बसायचं, एवढं तुमच्या रीतीतलं मला कळतं. आणि बोलायची पाळी आली की मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की हाक पाठीमागून मारली होती, आणि तशी का मारली.

यावर म्हाताऱ्या ती ओ खरी धरतील की सोडून देतील, हे त्यांनी ठरवावं. सोडून दिली तर पदवी मासोएवरच राहील, आणि तुझ्या घराला काय सोसावं लागेल, ते मला समजतंय. तेवाके मला कधी क्षमा करणार नाही. तूही नाही करणार. वर्ष पुरं होतं त्या बारा डिसेंबरला अजून चार आठवडे आहेत, त्यांच्या हातात तेवढा वेळ आहे.

तू मला बोलावलंस, आणि मी त्याच्याबरोबर येतेय. धक्क्यावर आलीस तर मला बरं वाटेल. नाही आलीस तरी मी त्याच्यामागूनच उतरेन.

तुझी,
जयमाला